जुन्या मित्रांसोबत अल्बम रेकॉर्ड केलाय का कुणी? अनुभव हवेत

व्हायोलिन_पुणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आम्ही कॉलेजातले पाच जण, नव्वदच्या दशकात पुण्यात एकत्र वाजवायचो. गॅदरिंग, फिरोदिया करंडक स्पर्धा, गणपतीतले कार्यक्रम, कोजागिरी, कुणी बोलावलं की निघालो. गाणी आमचीच. शब्द आमच्या पेटीवाल्याचे, चाली सगळ्यांनी मिळून रात्र रात्र बसून केलेल्या. तेव्हाच कॅसेट काढायची असं ठरलं होतं पण पैसे जमले नाहीत, मग एकेकाला नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, गायक नाशिकला गेला, पेटीवाला न्यूजर्सीला, तबलेवाला आणि मी पुण्यातच आहोत पण आमचीसुद्धा भेट कुणाच्या तरी लग्नातच व्हायची.

बासरीवाला कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्यानंतर आम्ही चौघं परत रोज बोलायला लागलो. आता पेटीवाला डिसेंबरात सुट्टीवर येतोय आणि ती गाणी या वेळी रेकॉर्ड करायचीच असं पक्कं केलंय.

आता प्रश्न. ज्या स्टुडिओत चौकशी केली ते म्हणतात आधी क्लिकवर, म्हणजे ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर, कच्चा डमी ट्रॅक करा, मग एकेकाने येऊन आपापला पार्ट वाजवा, लवकर होईल आणि क्लीन येईल. तबलेवाला म्हणतो सगळे एकत्र बसूनच वाजवायचं नाहीतर मी येतच नाही. कोणाचं बरोबर? दुसरं म्हणजे माझ्याकडे त्या काळच्या तालमीची एक नव्वद मिनिटांची कॅसेट आहे, तिच्यात बासरीवाल्याचा एक मोठा तुकडा आहे, साधारण एका अंतऱ्याआधीचं म्युझिक, तो अल्बममध्ये घेता येईल का? कॅसेट इतक्या वर्षांत लावलेलीच नाही, लावायला भीती वाटते. आणि हक्क, पैसे वगैरे भानगड मित्रामित्रांत कशी सोडवायची तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

पण नुसती टेक्निकल माहिती नको. ज्यांनी असं केलंय त्यांनी काय काय झालं ते लिहा. आम्ही सगळे पन्नाशी ओलांडलेले आहोत आणि मला खरं सांगायचं तर धाकधूक होतेय.

पेटी_मिरज

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मिरजेचे. एका गल्लीत वाढलेले, एकाच भजनी मंडळात शिकलेले. मिरज म्हणजे काय ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, सतारमेकर गल्लीतनं शाळेत जायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी तानपुरे जुळवण्याचा आवाज कानावर घेतच जायचं. मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असायचं तिथं आम्ही पहाटेपर्यंत बसायचो, तिकीट नाही काही नाही, मांडी घालून मागं बसायचं आणि ऐकायचं. आमचं सगळं शिक्षण असं ऐकून झालेलं. विशीत आम्ही तुकोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा यांच्या अभंगांना चाली लावल्या, आषाढीला म्हणायचो, पंचक्रोशीत लोक ओळखायचे. मग तुमच्यासारखंच सगळे पांगले. काही वर्षांपूर्वी गायकानं फोन केला, म्हणाला आवाज आहे तोवर करून ठेवू. त्याच्या 'आहे तोवर'मुळं मी लगेच हो म्हणालो.

कोल्हापूरला स्टुडिओ घेतला. रेकॉर्डिस्ट तरुण पोरगा, हुशार, कानाचा चांगला. त्यानं त्याच्या पद्धतीनं मांडलं. गायक काचेच्या खोलीत, पखवाज दुसऱ्या खोलीत, मी मधे, टाळवाला नंतर येऊन वाजवणार, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन आणि हेडफोनमधे टिक टिक. पहिला अभंग वाजवला. चूक कुणाचीच नाही, सगळं बरोबर, आणि ऐकताना चौघंही गप्प. आमचं काहीच त्यात नव्हतं.

का ते आम्हाला तिथंच समजलं. भजनात लय स्थिर नसतेच हो. अभंग सुरू होतो तेव्हा ठेका सावकाश असतो, चरणागणिक थोडा थोडा पुढं सरकतो आणि गजर लागेपर्यंत दुप्पट व्हायच्या बेतात येतो. ती कुणी ठरवत नाही, गायकाचा हात वर जातो, पखवाजवाला त्याच्या हाताकडं बघतो, टाळवाला पखवाजवाल्याच्या खांद्याकडं बघतो आणि मी सगळ्यांकडं बघतो. काचेच्या खोलीतनं हात दिसतो पण तो कशासाठी वर गेला ते कळत नाही. आणि क्लिक तर हात बघतच नाही. तो पोरगा म्हणाला क्लिक पण चढती करून देतो, टेम्पो मॅप काढतो. काढला बिचाऱ्यानं. पण कुठल्या शब्दावर किती चढायचं हे आदल्या दिवशी कसं सांगणार, गायकाला त्या दिवशी 'विठ्ठल' शब्दावर थांबावंसं वाटलं तर थांबायलाच पाहिजे ना.

मग आम्ही त्याला विनंती केली की सगळ्यांना एका खोलीत बसव. तो म्हणाला लीकेज येईल, पखवाजाचा धा गायकाच्या माइकात जाईल आणि मग मला आवाज वेगळा करता येणार नाही. आम्ही म्हणालो जाऊ दे. तरी त्यानं डोकं लावलं. गायकाचा माइक असा ठेवला की माइकाची पाठ पखवाजाकडं येईल, कारण तो माइक पुढचंच जास्त घेतो आणि मागचं कमी. मधे दोन गाद्या उभ्या केल्या, पण बसल्यावर एकमेकांचे चेहरे दिसतील एवढ्याच उंच. हेडफोन काढून टाकले. आणि अट घातली की आता दुरुस्ती नाही, एक चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचं.

दादा, त्या अटीनंच आमचा अल्बम झाला असं मला मनापासनं वाटतं. कारण पहिल्यापासून म्हटलं की आम्ही परत मंडळाच्या तालमीत गेलो. तिथं असंच होतं, एक अडखळला की बुवा हात वर करायचे आणि परत पहिल्यापासनं.

एक प्रसंग सांगतो. गायक आणि पखवाजवाला यांच्यात कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, जुन्या एका कार्यक्रमाच्या पैशावरनं बिनसलेलं. दोघंही आले ते माझ्या शब्दाखातर. सुरुवातीला फक्त कामाचं बोलायचे, ते पण माझ्याकडं बघून, 'त्याला सांग अंतऱ्याला जरा धरून वाजव.' जनाबाईच्या अभंगाला गायकानं एका ठिकाणी अचानक आलाप लांबवला, ठरलेलं नव्हतं, आणि पखवाजवाल्यानं हात उचलून धरला, वाजवलंच नाही, तो समेवर येईपर्यंत थांबला आणि बरोबर धा दिला. गाणं संपल्यावर गायक त्याच्याकडं बघून म्हणाला, 'तुला कसं कळलं?' तो म्हणाला, 'तू श्वास घेतलास की.' त्यानंतर दोघं बाहेर जाऊन चहा पिऊन आले, आम्हाला न सांगता. वेगवेगळ्या खोलीत तो श्वास ऐकू आला नसता.

आता उपयोगाचं. पखवाजवाला अजून धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीकच लावतो, पक्की शाई नको म्हणतो. एसीत कणीक वाळते, वाळली की धुम चढते आणि घुमारा जातो, दर गाण्याआधी पाण्याचा हात लावायचा किंवा काढून नवीन लावायची. तबल्याचंही तसंच लक्षात ठेवा, पावसाळी हवेत पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते आणि कोरड्या हवेत चढते. तुमचं डिसेंबरात आहे म्हणजे कोरडी हवा, त्यात एसी, तबलेवाल्याला हातोडी हातातच धरून बसावी लागेल. आम्ही शेवटी टेक चालू असताना एसी बंद ठेवायचो, त्याची घरघर पण जायची, घाम आला तर आला. तालवाद्यं खोलीत तासभर आधी उघडून ठेवा, हवा लागू दे.

तानपुरा खरा घ्या, अॅपवरचा नको. आम्ही गल्लीतनंच जोडी आणली, जवारी (घोडीवर तारेची झणझण) नीट लावून. आता मी पेटीवाला असून सांगतो, पेटीचा शुद्ध गंधार आणि तानपुऱ्याच्या षड्जातनं आपोआप उमटणारा गंधार एक नसतात. पेटी पाश्चात्य पद्धतीनं समान अंतरावर जुळवलेली असते, तिचा गंधार जवळपास १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) वर राहतो. मैफलीत चालून जातं, पण माइकात दोन्ही जवळ आले की तो थरथराट स्पष्ट येतो. मी भूपाच्या अंगानं असलेल्या अभंगात लांब गंधार पेटीवर धरलाच नाही, गायकाला धरू दिला, मी खाली षड्ज पंचम ठेवून गप्प राहिलो. आणि भात्याचा आवाज, पट्ट्यांची खटखट याकडं लक्ष द्या. घरी कधी ऐकू येत नाही, माइक जवळ आला की तेच आधी ऐकू येतं. आम्ही माइक भात्यापासनं लांब, पुढच्या वरच्या बाजूला नेला तेव्हा कमी झालं.

सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला सा धरायचा ते. आमचा गायक विशीत काळी दोनमधे मोकळा लागायचा. स्टुडिओत पहिल्या तालमीला त्यानं काळी दोनच सांगितली. तार षड्जाला गळ्याची शीर दिसायला लागली. कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या वेळी मी न विचारता पांढरी एकला पेटी धरली आणि सूर दिला. त्यानं माझ्याकडं बघितलं, क्षणभर थांबला, आणि त्याच सुरात डोळे मिटून सुरुवात केली. त्या अल्बममधलं ते सगळ्यात चांगलं गाणं आहे. खालच्या पट्टीत त्याच्या आवाजाला जो भार आलाय तो विशीत नव्हता. पण पट्टी उतरली की तबला बदलतो हे विसरू नका, तोंड मोठं लागतं, म्हणजे सव्वापाच इंचीवर काळी एक होत असेल तर पांढरी एकला साडेपाच इंची बरा. हे आधी ठरवा, स्टुडिओच्या मीटरवर ठरवत बसू नका.

तुमचा तबलेवाला बरोबर बोलतोय. एकत्रच बसा.

टेप_काका

पेटी_मिरज यांनी सगळं लिहिलंच आहे. मी मुंबईत आयुष्यभर रेकॉर्डिंग केलं, आता रिटायर्ड. त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या, गाद्या बरोबर लावल्या त्याने.

एकत्र रेकॉर्डिंगला घाबरणारे स्टुडिओ आत्ताचे. मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येकाचा आवाज वेगळा भरायची सोय, यायच्या आधी ताडदेवच्या फिल्म सेंटरला, महालक्ष्मीच्या फेमसला अख्खा ऑर्केस्ट्रा आणि गायक एका वेळी वाजवायचे, बॅलन्स माइकच्या अंतरावर ठरायचा. व्हायोलिनवाले बरेचसे गोव्याचे, समोर नोटेशन, एक चुकला की सगळे परत. लीकेजला तेव्हा कुणी लीकेज म्हणायचं नाही, तो हॉलचा आवाज होता. तुमच्या रेकॉर्डिस्टला एवढंच सांगा की एका माइकचं वाद्यापासून जेवढं अंतर असेल त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेव, म्हणजे एकात दुसऱ्याचं आलं तरी आवाज पोकळ होत नाही. आणि व्हायोलिन तबल्याच्या समोर बसवू नका, बाजूला बसवा.

आता कॅसेट. ती आत्ता घरच्या कुठल्याही टेपमध्ये घालू नका, कृपा करून. नव्वद मिनिटांची टेप साठपेक्षा पातळ असते, बारा मायक्रॉनच्या आसपास, जुन्या डेकचा पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) चिकट झाला असेल तर गुंडाळून घेईल. आधी कॅसेट उघडून, स्क्रूवाली असेल तर सोपं, आतली फेल्टची गादी जागेवर आहे का बघायची. ती छोट्या पट्टीवर चिकटवलेली असते, गोंद वाळला की पडते, ती नसेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो. लोकांना वाटतं रेकॉर्डिंगच खराब झालंय. दुसऱ्या चांगल्या कॅसेटमधली गादी किंवा अख्खं कवचच वापरता येतं. मग चांगल्या डेकवर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटतात.

मग अॅझिमथ. हेडची फट टेपला किती काटकोनात आहे ते. तुमची कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचं हेड थोडं तिरकं असणारच, घरगुती सगळ्यांची असायची. ट्रान्स्फर करणाऱ्याने हेडजवळचा स्क्रू हळू हळू फिरवत बासरीची फुंकर सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबायचं. बासरीचा जीव त्या फुंकरीत आहे आणि ती सगळी वरच्या फ्रिक्वेन्सीत असते. हे न करता कॉपी काढली तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही. डॉल्बीचं (टेपची सरसर कमी करणारं) बटण बंद, कारण घरच्या रेकॉर्डिंगला ते बहुतेक नसायचंच. भरताना २४ बिट ९६ किलोहर्ट्झला भरा, एकदाच होणार आहे तर पूर्ण करा.

स्पीडचा घोळ असणार. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर चालते असं धरलेलं असतं, पण जुना टेपरेकॉर्डर, त्यात सेलवर चालवला असेल तर मागेपुढे. सहा टक्के फरक पडला तर अर्धा स्वर हलतो, पांढरी एकची काळी एक होते. यावर एक उपाय तुमच्याच घरात असेल. त्या तालमीत वाजलेली पेटी अजून कुणाकडे आहे का? असेल तर तिचा षड्ज वाजवून बघा आणि टेपमधल्या पेटीशी जुळवा. पेटीचे सूर इतक्या वर्षांत थोडे हलतात, पण टेपपेक्षा भरवशाचे.

आणि नॉइज काढायच्या नादाला फार लागू नका. हिस, म्हणजे टेपची सरसर, थोडी राहू दे. नॉइज रिडक्शन जास्त मारलं की आधी फुंकरच जाते. मी एका जुन्या वाद्यवृंदाचं असं काम केलं होतं, त्यातले दोघं हयात नव्हते, बाकीच्यांनी त्या टेपच्या तुकड्याच्या आधी आणि नंतर आताचं वाजवलं, लय त्या टेपची धरली. टेपला आत्ताच्या लयीत ओढायला गेलो नाही. ते ऐकताना त्यातला एक जण उठून माझ्या कन्सोलजवळ आला आणि स्पीकरला हात लावून उभा राहिला. तुमचं पण करता येईल.

फोंड्याचो_घुमटकार

मी गोव्याचा, मराठी थोडी आमच्या वळणाची येईल, सांभाळून घ्या.

आमचा अल्बम म्हणजे घुमट आरत्यांचा. गावातली पोरं आम्ही, लहानपणापासून चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरोघरी आरत्या करत फिरायचो, नंतर कोण बोटीवर गेला, कोण गल्फमध्ये, एक जण पुण्यात. चवथीला मात्र सगळे येतातच, रजा मिळाली नाही तरी भांडून घेतात. तर आम्ही ठरवलं की त्याच दिवसांत करायचं, वेगळे दिवस कोणाकडे नाहीत.

स्टुडिओत गेलोच नाही. देवळाच्या सभामंडपात केलं. घुमट बघितलंय ना तुम्ही, मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी तोंड, मोठ्या तोंडावर चामडं आणि लहान तोंड उघडं, ते डाव्या हाताच्या तळव्याने झाकत उघडत वाजवायचं, त्यानेच तो घुमणारा आवाज खाली वर होतो. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि बरोबरच झालं, आता बकरीचं वापरतात. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, आता बकरीचं चामडं सगळ्यांनी घ्यावं आणि पोरांनी परत शिकावं.

रेकॉर्डिंग करणारा मुलगा पहिल्यांदा फक्त चामड्यासमोर माइक लावत होता, त्यात नुसता टप टप आवाज. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्याने त्याला डाव्या हाताकडे बोट दाखवलं, ऐक म्हणाला हवा कुठून येते. मग मागच्या तोंडाकडे दुसरा माइक लावला आणि एकदम आमचं घर ऐकू आलं. शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) लांब, कांसाळं (झांजा) सगळ्यात लांब, खांबाच्या पलीकडे, नाहीतर ती सगळ्यांना खाऊन टाकते.

पाऊस पडत होता, चवथीला पडणारच. कौलांवरचा आवाज येतोय म्हणून तो मुलगा थांबूया म्हणाला. आम्ही नाही थांबलो. आरती सुरू झाली की मध्ये थांबत नाहीत. तो पाऊस आहे रेकॉर्डिंगमध्ये, आणि बोटीवरचा आमचा मित्र सांगतो की केबिनमध्ये तो ऐकतो तेव्हा त्याला आरतीच्या आधीची पावसाची दोन मिनिटं जास्त आवडतात.

एक लिहितो ते मनापासून. वयाने आमचे हात जड झालेत. सुंवारीत, म्हणजे नुसत्या घुमटवादनात, पूर्वी जे हात सहज यायचे ते आता दोघांत वाटून घेतले, एक जण धरून वाजवतो, दुसरा त्यावर भरतो. असं एकत्र वाजवताना करता येतं. एकट्याने स्टुडिओत वाजवलं असतं तर मी ते हात सोडूनच दिले असते.

सुरेखा_ठाणे

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका कुणी.

एकत्र बसणं उत्तमच. पण सगळ्यांना ते जमतंच असं नाही, आणि मग लोक ते कामच सोडून देतात, हे मी जवळून पाहिलंय. आम्ही चौघी मैत्रिणींनी भावगीतांचा अल्बम केला, सगळी गाणी आमचीच. एक मेलबर्नला, तिला घरी आजारी सासूबाई, निघताच येत नव्हतं. तिने तिथून गाऊन पाठवलं. आम्ही इथे तबला, पेटी, बाकी तिघींचे आवाज एकत्र रेकॉर्ड केले, क्लिक न लावता, आणि ते तिला पाठवलं. ती त्यावर गायली, कपाटातल्या कपड्यांत माइक ठेवून, तिच्या रात्रीच्या वेळी, घर झोपल्यावर. तिला आमचे श्वास ऐकू येत होते ना. म्हणजे जे तिथे आहेत त्यांनी एकत्र बसा, आणि जो नाही त्याच्यासाठी खुर्ची ठेवा, एवढं जमतं. आधी तिने क्लिकवर गाऊन पाठवायचं आणि आम्ही त्यावर वाजवायचं असं केलं असतं तर नसतं जमलं. व्हायोलिनवाले दादा, तुमच्या पेटीवाल्याची रजा रद्द झाली तर अल्बम रद्द करू नका म्हणून हे लिहिलं.

आता हक्कांचं. मी व्यवसायाने वकील आहे. संतांचे अभंग म्हणजे मूळ शब्द सगळ्यांचे, त्यांच्यावर कॉपीराइट नाही. पण एखाद्या संगीतकाराने लावलेली गाजलेली चाल घेतलीत तर चालीवर हक्क असू शकतो, आपल्याकडे शब्द आणि संगीतावरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुमची गाणी तुमचीच आहेत म्हणजे तो प्रश्न नाही, पण प्रश्न आपसातला आहे. शब्द एकाचे, चाल पाच जणांची, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला त्यावर ध्वनिमुद्रणाचा हक्क, हे तीन वेगवेगळे हक्क आहेत. एका कागदावर लिहा की शब्द कुणाचे, चाल कुणाकुणाची आणि किती वाट्याने, खर्च कुणी किती दिला, आणि पैसे आले तर कसे वाटायचे. सगळ्यांच्या सह्या. मैत्री आहे म्हणून लिहायला संकोच करू नका, मैत्री आहे म्हणूनच लिहा. मिरजेच्या दादांनी पैशावरून बिनसल्याचं लिहिलंय ते वाचून मला फार वाईट वाटलं.

बासरीवाल्या मित्राचं नाव चालीच्या हक्कात घाला. त्याचा वाटा त्याच्या घरच्यांकडे जातो. आणि टेपमधला तुकडा वापरायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन परवानगी घ्या, लेखी घ्या, पण आधी जाऊन ऐकवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला त्याचा वाटा सहजासहजी सोडून देता येत नाही, त्यासाठी आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा, गाणी तिथे नोंदवा. ऑनलाइन टाकताना प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी (त्या ध्वनिमुद्रणाची ओळख) नंबर मिळतो तो जपून ठेवा.

पैशाची फार आशा ठेवू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय काहीच मिळत नाही. आम्ही थोड्या सीडीपण काढल्या, कारण मेलबर्नच्या सासूबाईंना मोबाइल जमत नव्हता आणि त्यांना सुनेचं गाणं हातात धरून बघायचं होतं.

व्हायोलिन_पुणे

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. तिन्ही मित्रांना हा धागा पाठवला, तबलेवाल्याने मिरजेच्या दादांचा प्रतिसाद प्रिंट काढून घेतलाय.

ठरलं असं. एकत्रच. स्टुडिओवाल्यांना सांगितलं, ते नाही म्हणाले, मग दुसरा बघितला, तिथे मोठा हॉल आहे आणि त्यांची तयारी आहे. डिसेंबरात आधी नाशिकला गायकाच्या घरी तालीम, वरच्या मजल्यावर, त्याच्या बायकोनेच म्हटलं की हॉटेल नको घरीच राहा सगळे. मग पुण्यात रेकॉर्डिंग.

टेप काका, ती पेटी आहे! पेटीवाल्याच्या आईकडे, सदाशिव पेठेत. काल जाऊन बघितली, काकूंनी कापडात गुंडाळून ठेवलीय, दोन पट्ट्या अडकतात पण षड्ज लागतो. कॅसेटसाठी डेक असलेला माणूस शोधतोय, मुंबईत कुणी खात्रीचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्वतः घेऊन येईन, कुरिअर करणार नाही.

सुरेखाताई, बासरीवाल्याच्या बायकोला फोन केला. तिला ती कॅसेट आहे हेच माहीत नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं की त्यात तो बोललाय का कुठे, का नुसतं वाजवलंय. मला आठवत नाही. ट्रान्स्फर झालं की सगळ्यात आधी तिला आणि मुलीला ऐकवणार, मग बाकीचं. मुलगी बासरी शिकतेय असंही कळलं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पेटी_मिरज

बोलला असणार दादा. तालमीच्या टेपमधे सगळे बोलतात, 'परत घे', 'थांब थांब', 'चहा आला'. काकांना सांगा दोन्ही बाजू पूर्ण भरून घ्यायला, मोकळी वाटली तरी, आणि म्युझिकच्या आधीचं मागचं काही कापू नका म्हणावं.

मुलीला तालमीला बोलवा, नाशिकला नाहीतर पुण्यात. वाजवायचा आग्रह नको, तिला मनापासनं वाटलं तर वाजवेल. ती कुठल्या पट्टीची बासरी वाजवते ते मात्र आत्ताच विचारून ठेवा, आणि गायकाची पट्टी पक्की झाली की तिला कळवा.

टेप_काका

व्यनि केलाय. दादरला आहेत एक जण, डेक स्वतः दुरुस्त करतात. येण्याआधी दोन दिवस फोन करा. कॅसेट उन्हात गाडीत ठेवू नका आणि स्पीकरजवळ तर अजिबात नको.